नृत्याच्या पाठीशी वाद्यवृंद हवा

महालातील कोणत्याही गल्लीत 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : गणेशोत्सवाचा मांडव, चित्रपटगीते गाणारे दोन-तीन गायक, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि निवेदकाच्या त्याच त्या कोट्या. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. परका शब्द ज्या समाजात रुजतो, त्या समाजाच्या हौसेप्रमाणे आपला अर्थ बदलून घेतो. परंतु मूळ अर्थी जो वाद्यवृंद, म्हणजे लिहिलेल्या स्वरांवर नजर ठेवून पन्नास-साठ वादकांनी एकाच्या इशाऱ्यावर उभे केलेले संगीत, त्याची ओळख मात्र या नव्या अर्थाने पुसून टाकली. नृत्याच्या क्षेत्रात तर वादक जवळजवळ हद्दपारच झाला आहे. शाळेचे स्नेहसंमेलन असो, नृत्यवर्गाचा वार्षिक कार्यक्रम असो की एखाद्या संस्थेने शासकीय अनुदानातून बसवलेले नृत्यनाट्य असो, रंगमंचावर मुली नाचतात आणि संगीत ध्वनिक्षेपकाच्या पेटीतून येते. मुलीचे पाऊल चुकले तरी गीत थांबत नाही; तिने एखादी जागा अपेक्षेपेक्षा सुंदर घेतली तरी ते तिच्यासाठी क्षणभर रेंगाळत नाही. हे नृत्य आणि संगीत यांचे सहजीवन नसून एकाने दुसऱ्याच्या मागे फरफटत जाणे आहे, याची खंत फारशी कोणाला वाटताना दिसत नाही.

ज्या देशाने नृत्यासाठी संगीत लिहिण्याला स्वतंत्र नोकरीचा दर्जा दिला, त्या रशियाकडे या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरेल. एकोणिसाव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या शाही रंगभूमीवर 'बॅले-संगीतकार' असे पदच होते. पगार ठरलेला, काम ठरलेले. चेझारे पुन्यी यांच्यानंतर या पदावर आले लुडविग मिंकुस. जन्माने व्हिएन्नाचे, पेशाने व्हायोलिनवादक. नृत्यरचनाकार मारियूस पेतिपा यांनी सांगावे, इतक्या मात्रांचा वॉल्ट्झ हवा, इथे नायिकेचा एकल नाच, इथे सर्वांचा समारोप. आणि मिंकुस यांनी तो मापाप्रमाणे बेतून द्यावा. शिंप्याने अंगाचे माप घेऊन अंगरखा शिवावा तसे हे संगीत. उच्चभ्रू समीक्षकांनी पुढे त्याची यथेच्छ टिंगल केली. मिंकुस यांचे संगीत कानाला गोड पण पोकळ, असा निकाल अनेकांनी दिला.

हा निकाल पुरता न्याय्य नाही, आणि तो का नाही, हे विदर्भातला कथ्थकचा रसिक कदाचित पाश्चात्त्य समीक्षकाहून लवकर सांगू शकेल. कथ्थकमध्ये सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा वाजतो. तीच ओळ, त्याच सोळा मात्रा, पुन्हा पुन्हा. लेहऱ्यात स्वतःचे असे चमत्कार नसतात. ते नसणे हाच त्याचा गुण होय. नर्तकाने काळाची कितीही मोडतोड केली तरी समेवर परत येण्याची वाट लेहरा उजळून ठेवतो. मिंकुस यांच्या 'ला बायादेर' या बॅलेतील 'छायांचे राज्य' हा प्रवेश याच न्यायाने पाहावा. अफूच्या धुंदीत नायकाला दिवंगत प्रेयसीच्या असंख्य छाया दिसतात. शुभ्रवसना नर्तिका एकामागून एक उतरंडीवरून खाली येतात. प्रत्येकीची हालचाल तीच, एक पाय मागे लांबवून पुढे झुकणे आणि पुन्हा सरळ होणे. आज बहुधा २४ किंवा ३२ नर्तिका असतात. या सबंध काळात व्हायोलिनांची संथ सुरावट कोणताही आव न आणता फिरून फिरून येत राहते. संगीताने तेथे नाट्य करू पाहिले असते तर दृश्य कोसळले असते.

या बॅलेत भारतीय वाचकाला गंमत वाटावी असे आणखीही बरेच आहे. कथा भारतातली, नायिका निकिया ही देवळातली नर्तकी, आणि गोवळकोंड्याच्या राजाचे नाव दुग्मंत! शाकुंतलाच्या भाषांतरांनी युरोपला वेड लावले होते, त्या वेडातून दुष्यंताचे हे अपभ्रष्ट रूप निपजले असावे. संगीतात मात्र भारताचा एकही सूर नाही. गोवळकोंड्याच्या दरबारात खुशाल वॉल्ट्झ वाजतो. हे अज्ञान होते यात शंका नाही, तरी आपल्या चित्रपटांतील युरोपीय पार्ट्यांची दृश्ये आठवून या बाबतीत फार नाक मुरडू नये हे बरे.

'ला बायादेर' रंगभूमीवर आला तो १८७७ साली. त्याच वर्षी मॉस्कोत दुसरा एक बॅले आला आणि फारसा यश न मिळवता मागे पडला. तो होता चायकोव्हस्की यांचा 'स्वान लेक'. नर्तकांना ते संगीत जड वाटले. नृत्याने ज्यावर निर्धास्त पाय ठेवावा असे हे जोते नव्हते. ते स्वतःच बोलू लागले होते. पुढे शाही रंगभूमीचे संचालक व्सेवोलोझ्स्की यांनी १८८६ साली बॅले-संगीतकाराचे पदच रद्द केले, मिंकुस निवृत्त झाले आणि 'स्लीपिंग ब्यूटी'साठी चायकोव्हस्की यांना पाचारण करण्यात आले. तो १८९० मध्ये आणि 'नटक्रॅकर' १८९२ मध्ये रंगभूमीवर आला. एवढा मोठा संगीतकार, परंतु पेतिपा यांनी त्यांनाही मात्रा मोजूनच काम दिले. 'नटक्रॅकर'मध्ये नाताळचे झाड वाढत वाढत प्रचंड होते त्या जागेसाठी ४८ मात्रांखंडांचे, चढत जाणारे संगीत हवे, अशी त्यांची सूचना होती. चायकोव्हस्की यांनी ती अपमानास्पद मानली नाही. मापाच्या चौकटीत त्यांनी जे भरले ते मात्र चौकटीबाहेरचे होते. पॅरिसमध्ये सेलेस्टा नावाचे नवे वाद्य ऐकल्यावर ते गुपचूप मागवण्यास त्यांनी आपल्या प्रकाशकाला लिहिले आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह व ग्लाझुनोव्ह यांच्या कानावर ही गोष्ट जाऊ देऊ नका, असे बजावले. प्रतिभावंतांनाही प्रतिस्पर्ध्यांची धास्ती असते, हा दिलासा सामान्यांना पुष्कळच म्हणावा लागेल. 'स्वान लेक'चे भाग्य उजळले ते १८९५ मध्ये, चायकोव्हस्की यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव्ह यांनी तो नव्याने बसवला तेव्हा.

तो नव्याने बसवता आला, कारण संगीत कागदावर होते. रशियन बॅलेच्या कथेतील हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग होय. क्रांती झाली, राजधानी हलली, महायुद्धे झाली. नर्तिका म्हाताऱ्या झाल्या, वारल्या. तरी वादकांपुढचे कागद उरले. नृत्याच्या हालचाली टिपून ठेवण्याची स्तेपानोव्ह यांची पद्धतही होती. त्या टिपणांचा मोठा संग्रह निकोलाय सेर्गेयेव्ह यांनी क्रांतीनंतर रशियाबाहेर नेला आणि तो आज अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात आहे. त्याच्या आधारे १९९९ साली पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंदिराने 'स्लीपिंग ब्यूटी'चा शंभर वर्षांपूर्वीचा घाट पुन्हा उभा केला.

आता हे आपल्याकडच्या अनुभवाशी ताडून पाहावे. १९०२ साली निकियाची भूमिका करणारी आना पावलोवा १९२२ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आली. पुढच्याच वर्षी तिने लंडनमध्ये उदय शंकर या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या तरुण चित्रकाराला हाताशी धरून राधाकृष्णाचे नृत्य बसवले. तेथून उदय शंकर यांची वाट सुरू झाली. त्यांच्या नृत्यमंडळीच्या संगीताची धुरा प्रथम तिमिर बरन यांनी आणि नंतर विष्णुदास शिराली यांनी वाहिली. शिराली हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. ज्या गुरूने संगीत घरंदाज बैठकीतून विद्यालयात आणले आणि स्वतःची स्वरलिपी घडवली, त्याच्या शिष्याने भारतीय वाद्यांचा मेळ नृत्यासाठी जमवावा, हे ओघानेच आले. सरोद, सतार, इसराज, जलतरंग, तबलातरंग, झांजा, घंटा यांच्या रंगछटांतून त्यांनी देवदेवतांची नृत्ये जशी सजवली तशीच यंत्रयुगातील श्रमिकांवरची रचनाही. हार्मनीची उसनवारी न करता केवळ वाद्यांच्या पोतातून आणि लयीच्या थरांतून वाद्यवृंद उभा राहू शकतो, हे त्यांनी दाखवले. त्याच सुमारास मेनका, म्हणजे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल सोखी यांच्या पत्नी लीला सोखी, यांनी कथ्थकच्या पायावर नृत्यनाट्ये रचली, १९३६ साली बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत आपल्या मंडळीला मानाचे स्थान मिळवून दिले आणि खंडाळ्याला नृत्यालय काढले. दमयंती जोशी या त्यांच्याच शिष्या.

असे असता शिराली यांचे संगीत ऐकायचे म्हटले तर विद्यार्थ्याने जावे कोठे? हाताशी येईल असा एकच मोठा ठेवा आहे : उदय शंकर यांचा १९४८ चा 'कल्पना' हा चित्रपट. त्याची जीर्ण प्रत सुधारून २०१२ साली कान महोत्सवात दाखवण्यात आली म्हणून तो तरी उरला. मिंकुस यांच्यासारखा दुय्यम मानलेला संगीतकार आज जगभरच्या रंगमंदिरांत आठवड्याला वाजतो आणि शिराली यांचे नाव संगीत विशारदाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागते. प्रतिभेच्या फरकाने या स्थितीचा उलगडा होत नाही. एकाच्या मागे पगारी वाद्यवृंद, नक्कलनवीस आणि ग्रंथालय होते. दुसऱ्याच्या मागे दौऱ्यावर फिरणारी मंडळी होती, आणि मंडळी मोडली की संगीत वादकांच्या स्मरणातून पांगले.

यावर ठराविक उत्तर असे, की भारतीय संगीत हे मनोधर्माचे, ते कागदावर बांधले की मरते. ख्यालगायनाच्या बाबतीत हे उत्तर मान्य करावे लागेल. परंतु दहा वादकांनी एका नर्तिकेसाठी मिळून वाजवायचे संगीत हा ख्याल नव्हे. आणि महालातल्या माणसाने तरी हे उत्तर देऊ नये. भोसल्यांच्या राजवाड्यावरून नाव मिळालेल्या या वस्तीत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या घोषात बासरी, बिगुल आणि ढोल यांवर रागांवर आधारलेल्या रचना लिपीबद्ध करून वाजवल्या जातात. संघाविषयी कोणाचे मत काहीही असो, नोकरी-धंदा सांभाळणारी शेकडो माणसे भारतीय रचना लिपीवरून एकत्र वाजवू शकतात, हे त्यातून सिद्ध होते. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारे बँडवाले तर कोणत्याही संगीतशाळेची पायरी न चढता ही वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या हाताळत आले आहेत. डीजेच्या भिंतींनी त्यांचे पोट मारले. त्याची दखल कोणत्या सांस्कृतिक धोरणाने घेतली?

मराठी प्रेक्षकाला वादकाची कदर नव्हती असेही नाही. संगीत नाटकाच्या भरभराटीत रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसलेले साथीदार हे प्रेक्षकांचे कौतुकाचे धनी होते. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. बालगंधर्वांनी कर्ज काढले पण साथ हलकी ठेवली नाही. त्यांचा हिशेब व्यवहारात चुकला असेल, कलेत चुकला नाही.

मुंबईत २००६ पासून राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचा 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' आहे. खुश्रू सुंतूक आणि कझाक व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी तो उभारला, हे कार्य मोठेच. परंतु नाव भारताचे असले तरी त्यातील बरेच वादक परदेशांतून आणावे लागले. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला तेव्हा आणि अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये लता मंगेशकर व मन्ना डे यांना घेऊन भारतीय रागांवर वाद्यवृंदाचा प्रयोग केला तेव्हा, गोव्याचे वादक मुंबईत मुबलक होते. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांवर त्यांची घरे चालत. सिंथेसायझरने ती मजुरी संपवली आणि मुलांनी व्हायोलिन खाली ठेवले. वादक हा हवेतून येत नाही. त्याला महिन्याच्या महिन्याला काम लागते.

रशियाचा कित्ता जसाच्या तसा गिरवावा, असे कोणी म्हणणार नाही. तेथे पैसा झारचा होता, पुढे पक्षाचा झाला, आणि राजाश्रयाची किंमत असतेच. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा डाव रचला गेला तेव्हा सोव्हिएत दूरचित्रवाणीने बातम्यांच्या जागी 'स्वान लेक' लावून ठेवला होता. नागपूरला शंभर वादकांची पलटण नको आहे. आठ-दहा साथीदारांचा एक कायम संच, त्यांना वर्षभराचे मानधन, आणि शहरातील नृत्यवर्गांना तो परवडेल अशा दराने उपलब्ध करून देणारी व्यवस्था, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय नागपुरातच आहे. आकाशवाणीचे केंद्र १९४८ पासून आहे. आंतरविद्यापीठ युवक महोत्सवांत लोकवाद्यवृंदाची स्पर्धा असते आणि त्यासाठी मुले महिना-दोन महिने जीव तोडून तालीम करतात. महोत्सव संपताच तो वृंद विसर्जित होतो, एवढेच काय ते उणे.

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या नृत्यनाट्यांना अनुदान देताना शासनाने दोन अटी घालाव्यात. संगीत रंगमंचावर प्रत्यक्ष वाजले पाहिजे. आणि त्या संगीताची लिखित प्रत, नृत्याच्या टिपणासह, एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाखल झाली पाहिजे. पहिल्या अटीने खर्च वाढेल, अशी ओरड होईल. ती खरीही आहे. प्रकाशयोजना, एलईडीचे पडदे आणि पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांवर जे खर्ची पडते, त्याचा ताळेबंद मांडल्यावर ती ओरड किती टिकते ते पाहता येईल. दुसऱ्या अटीला तर कागद आणि एक नक्कलनवीस यापलीकडे काही लागत नाही, आणि ती येत्या अनुदान-वर्षापासूनच लागू करण्यास अडचण नसावी.