‘चावलं नाही हो, नुसता दात लागला!’

पावसाळा संपला की पवना धरणाच्या काठावर तंबूंची गर्दी होते. शनिवारी संध्याकाळी पोहोचायचं, शेकोटी, बार्बेक्यू, गाणी, आणि रविवारी सकाळी पोहे खाऊन परत. हल्ली या सहलीला घरातलं कुत्रंही सोबत असतं. त्यात काहीच गैर नाही. पण अशाच एका सहलीनंतरच्या मंगळवारी माझ्या दवाखान्यात सात वर्षांची एक मुलगी आली. गालावर दोन खोल व्रण, त्यांवर हळद लावलेली. आई म्हणाली, "डॉक्टर, चावलं नाही हो, नुसता दात लागला. शेजारच्या तंबूतलं पॉमेरेनियन होतं, एवढंसं. त्यांनी सांगितलं, घरातलंच आहे, काही होत नाही."

"एवढंसं" आणि "काही होत नाही" या दोन शब्दप्रयोगांसाठीच हा लेख आहे.

कुत्र्याच्या आकाराचा आणि रेबीजचा काहीही संबंध नाही. विषाणू लाळेतून येतो. दात त्वचेच्या आत गेला, रक्त आलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार ती तिसऱ्या श्रेणीची जखम. मग चावणारं कुत्रं ग्रेट डेन असो वा पॉमेरेनियन. शिवाय लहान मुलांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाजवळ असतो. मुलं वाकून पापा घ्यायला जातात, त्यामुळे त्यांना चावा अनेकदा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो. तिथून मेंदू जवळ, म्हणून धोका अधिक.

अशा वेळी काय करावं?

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. कॅम्पवर नळ नसेल तर बाटल्यांतलं पाणी वापरा. मग पोव्हिडोन आयोडीनसारखं जंतुनाशक लावा.
२. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका.
३. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोमवारची वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते.
४. पोटात चौदा इंजेक्शनं हा काळ कधीच संपला. आता दंडात स्नायूमध्ये ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी लस देतात. त्वचेत दिली जाते तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी.
५. तिसऱ्या श्रेणीच्या जखमेत लसीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. लसीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस लागतात, तोवरचं संरक्षण त्याने मिळतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही डॉक्टरांना विचारा.

"कुत्र्याला लस दिलेली आहे" असं मालक सांगत असेल तर कार्ड बघा, त्याचा फोन नंबर घ्या, पण तुमचे उपचार थांबवू नका. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं असतं. ते ठणठणीत राहिलं तर पुढच्या डोसचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून इथे जुगार खेळायचा नाही.

आता मुख्य मुद्दा. यात दोष कुणाचा? माझं मत स्पष्ट आहे. कुत्र्याचा नाही, मुलीचा तर नाहीच. दोष मालकाचा.

हे मी वरच्या पाटावर बसून सांगत नाही. आमच्या घरीही एक पॉमेरेनियन होतं. ते पाहुण्यांच्या पायाला झोंबायचं आणि आम्ही हसायचो. तेच अल्सेशियनने केलं असतं तर आम्ही दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक शोधला असता. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० साली हेच नोंदवलं: छोट्या कुत्र्यांचे मालक त्यांना कमी शिकवतात, आणि आज ओरडायचं, उद्या लाड करायचे असं वागतात. अशी कुत्री मग कमी ऐकतात. म्हणजे ज्याला आपण जातीचा स्वभाव म्हणतो, त्यात आपल्या आळसाचा वाटा मोठा असतो.

आणि जरा त्या कुत्र्याच्या उंचीवरून कॅम्प बघा. अंधार, स्पीकर, आग, शंभर अनोळखी पाय, मटणाचा वास, गावातली मोकाट कुत्री, आणि अंगावर झेपावणारी मुलं. ते ओठ चाटतं, जांभया देतं, कान मागे घेतं, शेपूट पायात घालतं. ही सगळी भीतीची लक्षणं. मग गुरगुरतं. गुरगुरणं म्हणजे "आता पुरे" अशी सूचना. त्यासाठी त्याला फटका मारलात तर ते पुढच्या वेळी सूचना न देताच चावेल. तिथून त्याला शांतपणे दूर न्या.

कुत्रं घेऊन कॅम्पला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे:

- "बस", "थांब", "ये", "सोड" एवढं घरी पक्कं होईपर्यंत कॅम्प नको. शिकवताना मार नको, खाऊ आणि शाबासकी पुरते.
- आधी बागेत, मग गर्दीच्या रस्त्यावर, मग एका दिवसाच्या सहलीला, अशी सवय लावा. पिल्लू असतानाच सुरुवात केली तर उत्तम. पण मोठं कुत्रंही शिकतं.
- दोरी हातात आणि आखूड. तंबूला बांधून जेवायला जाऊ नका.
- रेबीजची लस दरवर्षी, कार्ड सोबत. जंताचं आणि गोचिडांचं औषध वेळेवर.
- विष्ठा उचला. त्यातल्या जंतांची अंडी मातीत राहतात आणि मुलं त्याच मातीत खेळतात.
- ते घाबरत असेल तर त्याला घरी कुणाजवळ तरी ठेवा. हट्टाने नेणं हे प्रेम नव्हे.

कायदाही हेच सांगतो. पाळीव प्राण्यापासून धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे.

बाकीच्यांनीही मुलांना एक नियम शिकवावा: मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचंच नाही.

त्या मुलीला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही मिळालं. ती बरी आहे, व्रण पुसट होतील. पण परवा शेवटच्या डोसला आली तेव्हा दवाखान्याच्या दारातलं म्हातारं, गरीब कुत्रं बघून ती आईच्या मागे लपली. ती भीती घालवायला माझ्याकडे इंजेक्शन नाही. ती तिच्या मनात बसू न देणं मात्र त्या मालकाच्या हातात होतं.