मिनाची जुनी पोस्टकार्डे ‘ठंडी’ करू नका

मिना म्हटले की आज पांढऱ्या तंबूंचा समुद्र डोळ्यांसमोर येतो. मक्केजवळच्या डोंगरांमधले ते खोरे हजच्या चार-पाच दिवसांत भरते आणि मग ओस पडते. पण मिना हे एकेकाळी गाव होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? स्विस प्रवासी बुर्कहार्ट १८१४ च्या हजच्या वेळी तिथे होता. खोऱ्यातल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली घरे त्याने नोंदवून ठेवली आहेत. पुढे कॅमेरा आला आणि ते गाव चित्रांत उतरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या एच. ए. मिर्झा अँड सन्स या छायाचित्रकारांनी मक्का-मदिनेची चित्रे छापून विकली. तशी चित्र-पोस्टकार्डे हाजींच्या पेट्यांतून हिंदुस्थानात घरोघरी पोहोचली.

मी गेली काही वर्षे अशी कार्डे जमवते. त्यांतली मिनाची नऊ आहेत. हौस म्हणून सुरुवात केली, पण आता मला ते काम वाटते. कारण ही कार्डे आपल्याच हातून नाहीशी होत आहेत.

घरातले वडीलधारे गेले की पेटी उघडली जाते. त्यात काबा, मदिना, मिना यांची चित्रे निघतात. फेकवत नाहीत, पायाखाली येऊ नयेत असे वाटते. मग जुन्या मजहबी कागदांबरोबर तीही नदीत किंवा विहिरीत ‘ठंडी’ केली जातात. यामागचा अदब मी समजू शकते. कुरआनच्या जीर्ण पानांसाठी तो योग्यच आहे. पण पोस्टकार्ड म्हणजे कुरआनचे पान नव्हे.

या छंदावर नाराज असलेले लोकही आहेत. एका नातलगांनी मला सुनावले, “बेटी, इबादत जागेची नसते, अल्लाहची असते. दगड-विटांच्या तसबिरी जपून बिदअत कशाला वाढवतेस?” त्यांचे पहिले वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. कार्डात काहीही पवित्र नाही. ते तबर्रुक नाही, ताईत नाही. पण मग पवित्र नसलेला कागद पाण्यात सोडायचे कारणच काय? तो इतिहासाचा कागद आहे. सातबाऱ्याचा जुना उतारा आपण जपतो, तसाच हा जपावा.

आणि हा इतिहास ‘जुने ते सोने’ म्हणणारा नाही. जुन्या चित्रांत जमरातचे खांब उघड्या वाटेवर, घरांच्या शेजारी उभे दिसतात. गर्दी वाढत गेली तसा तिथे १९७० च्या दशकात पूल झाला, २००४ मध्ये खांबांच्या जागी लांब भिंती आल्या आणि त्यानंतर आजचा अनेक मजली पूल उभा राहिला. तंबूंचेही तेच. १९९७ मध्ये मिनात भीषण आग लागली, तीनशेहून अधिक हाजी दगावले आणि मग आग न पकडणारे तंबू आले. १८६५ च्या हजमध्ये कॉलऱ्याने हाहाकार केला होता. शांत, सुंदर दिसणाऱ्या कार्डावर तो कॉलरा दिसत नाही. म्हणून मला ते गाव परत नको आहे. मला फक्त ते होते याचा पुरावा हवा आहे. आपली तीर्थस्थळे आज दिसतात तशीच कायम होती, असे मुलांना वाटू लागले की त्यांच्याबद्दल काहीही सांगितलेले खपते.

माझी दुसरी तक्रार संग्राहकांबद्दल आहे. बाजारात कोऱ्या, स्वच्छ कार्डाला भाव जास्त. लिहिलेले, शाई पसरलेले कार्ड कोपऱ्यात पडते. माझ्या मते खरी दौलत मागच्या बाजूला असते. ब्रिटनने १९०२ मध्ये कार्डाची मागची बाजू निम्मी मजकुरासाठी मोकळी केली, इतर देशांनीही पुढच्या काही वर्षांत तेच केले. त्याआधीच्या कार्डांवर मागे फक्त पत्ता असे आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबलेला असे. कार्डाचे वय ओळखायची ही सोपी खूण आहे. माझ्याकडच्या एका कार्डावर घसटत्या उर्दूत जहाजाला झालेला उशीर, सोबत्याचा उतरलेला ताप आणि घरच्या म्हशीची चौकशी आहे. मुंबईहून हजला जाणारी जहाजे १९९५ नंतर बंद झाली. त्या प्रवासाची आठवण सांगणारी माणसे आता कमी होत चालली आहेत.

इथे मला शिक्षिका म्हणून सर्वांत जास्त काळजी वाटते. आपली बरीच मुले आज मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकतात. आजोबांची अक्षरे त्यांच्यासाठी नुसती नक्षी आहे. कार्ड वाचले तरी ते मुके राहील.

म्हणून एवढे करा. कार्ड लॅमिनेट करू नका, वहीत डिंकाने चिकटवू नका, कडा कापू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मोहल्ल्यात उर्दू वाचणारे कोणी बुजुर्ग असतील तर त्यांच्याकडून मजकूर वाचून घ्या आणि तो देवनागरीत उतरवून, खाली मराठी अर्थ लिहून, त्याच पाकिटात ठेवा. कार्ड कोणी, कोणाला, कुठून पाठवले तेही लिहा. वाचणारे कोणी सापडले नाही, तर जवळच्या उर्दू शाळेत जा. तिथल्या शिक्षकांना या कामाचा कंटाळा येणार नाही, हे मी स्वतःवरून सांगते.