गरिबी मोजली, वर्ण झाकला

अमेरिकेचे केंद्र सरकार घरबांधणी आणि वस्तीविकासासाठी शहरांना पैसा देते. तो तिथे कसा वाटला जातो, हे आंबेडकरी चळवळीने नीट पाहावे असे आम्हाला वाटते. 1974 च्या कायद्याने 'कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट' सुरू झाली. साधारण 50 हजार लोकसंख्येच्या शहरापासून पुढे ती सूत्रानुसार थेट मिळते. लोकसंख्या, दारिद्र्य, दाटीची घरे, जुनी घरे असे त्याचे निकष. किमान 70 टक्के पैसा कमी व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे. दरवर्षी निदान दोन जाहीर सुनावण्या, आराखड्यावर हरकतींसाठी 30 दिवस. मग रस्ता करायचा, पडकी घरे सावरायची की पाळणाघर चालवायचे, हे शहराने ठरवायचे. कागदावर सारे ठाकठीक.

पण निकष उत्पन्नाचा आहे. वर्णाचे काय?

त्यासाठी आणखी एक अट आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरातच, एप्रिल 1968 मध्ये, घरांमधील भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. निधी घेणाऱ्या प्रत्येक शहराला लिहून द्यावे लागते की, हा भेदभाव मोडण्यासाठी आम्ही स्वतःहून पावले उचलू. वर्षानुवर्षे शहरे हे लिहून देत आली आणि सही करून विसरत आली.

न्यूयॉर्क शहराला लागून उत्तरेस वेस्टचेस्टर कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. सन 2000 ते 2006 या काळात तिने असा 5 कोटी डॉलरहून अधिक निधी उचलला. स्वस्त घरेही बांधली, पण गोऱ्यांच्या श्रीमंत गावांना धक्का न लावता. भेदभावाविरुद्ध लढणाऱ्या एका संस्थेने 2006 मध्ये दावा ठोकला. कौंटीचा बचाव काय होता? आम्ही उत्पन्न पाहतो, वर्ण पाहत नाही! हे वाक्य वाचून आमच्या वाचकांना काही आठवले असेल. 'आर्थिक निकष लावा, जात कशाला काढता' म्हणणाऱ्यांची जात सातासमुद्रापार एकच.

फेब्रुवारी 2009 मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी कौंटीने दिलेली प्रमाणपत्रे खोटी ठरवली. दावा लावला होता तो सरकारला फसवणाऱ्या कंत्राटदारांसाठी यादवी युद्धात, 1863 साली, केलेल्या कायद्याखाली! ऑगस्टमध्ये तडजोड झाली: 6 कोटी 25 लाख डॉलर आणि 750 घरे, त्यातली 630 अशा गावांत जिथे काळे लोक 3 टक्क्यांहूनही कमी. पुढे कौंटीने चालढकल केली, निधी अडला, राजकारण बदलले. शहरांना भेदभावाचा हिशेब मांडायला लावणारा 2015 चा ओबामांचा नियम ट्रम्प यांनी 2020 मध्ये काढला. नंतर अंशतः परत आलेली तरतूद 2025 मध्ये पुन्हा काढली. तिथल्या काळ्या माणसाची लढाई सोपी नाही.

तरीही खोटी सही पकडली गेली, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते. आपल्याकडे विशेष घटक योजनेच्या पैशाचे काय झाले? दिल्लीत तो राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या कामांकडे वळवला गेला. सहाशे कोटींहून अधिक रक्कम चुकीने वळवल्याचे गृहमंत्री चिदंबरम यांना 2010 मध्ये राज्यसभेत कबूल करावे लागले. दलितांच्या वस्तीत नळ नाही, आणि त्यांच्या नावचा पैसा खेळांच्या झगमगाटात! आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने 2013 मध्ये या निधीसाठी कायदे केले, तेही आंदोलनाच्या रेट्यामुळे.

आपल्या महानगरपालिकेत दलित वस्ती सुधारणेचा पैसा खर्च झाला की उपयोगिता प्रमाणपत्र जाते. त्यावर कोणाची तरी सही असते. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 पासून आपल्या हातात आहे. प्रत्येक वॉर्डातल्या कार्यकर्त्यांनी गेल्या पाच वर्षांची ही प्रमाणपत्रे मागवावीत, त्यात लिहिलेले गटार, समाजमंदिर, दिवे जागेवर जाऊन मोजावेत आणि फरक आढळला तर सही करणाऱ्याचे नाव घेऊनच तक्रार नोंदवावी.