योगदानाच्या यादीत न मावणारे खटले

अमेरिकेत दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा लॅटिनो वारशाचा महिना पाळला जातो. १९६८ साली आठवड्यापुरता सुरू झालेला हा उपक्रम १९८८ मध्ये महिनाभराचा झाला. त्या काळात बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंते, अंतराळवीर एलेन ओचोआ, अभिनेत्री रिटा मोरेनो, न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर अशी नावे आवर्जून घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. पण एवढ्यावर थांबले की एक चुकीचे गृहीतक पक्के होते : घर दुसऱ्याचे आहे आणि पाहुण्याने चांगली भेट आणली आहे. प्रत्यक्षात आज अमेरिकी नागरिक ज्या समान वागणुकीवर हक्क सांगतो, तिचा कायदेशीर पाया घालण्यात शेतमजूर, खंडकरी आणि छोटे व्यावसायिक असलेल्या लॅटिनो कुटुंबांचा मोठा वाटा आहे. नामवंतांची यादी कितीही लांबवली तरी त्यात ही माणसे येत नाहीत, कारण त्यांचे काम कोर्टाच्या निकालपत्रांत नोंदलेले आहे.

यातले बरेचसे लोक पाहुणे म्हणून आलेही नव्हते. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक प्रदेश दीड कोटी डॉलरच्या मोबदल्यात अमेरिकेकडे गेला, आणि त्या भूमीवर राहणारे हजारो मेक्सिकन जागचे न हलता दुसऱ्या देशाचे रहिवासी झाले. तहाने त्यांना नागरिकत्व आणि मालमत्तेचे संरक्षण देऊ केले होते. मात्र कॅलिफोर्नियातल्या १८५१ च्या जमीन कायद्याने मालकी सिद्ध करण्याचा बोजा त्यांच्यावरच टाकला, आणि वर्षानुवर्षांच्या कज्जांत अनेकांच्या जमिनी गेल्या. पुढे १९३० च्या मंदीत लाखो मेक्सिकनांना सीमेपार धाडण्यात आले. त्यांतले कित्येक जन्माने अमेरिकी नागरिक होते. त्याबद्दल कॅलिफोर्निया राज्याने माफीचा कायदा केला तो २००५ मध्ये. कागदावर मिळालेले नागरिकत्व व्यवहारात कोर्टाकडून वसूल करून घ्यावे लागते, हे या समाजाला फार आधी कळले होते.

त्या वसुलीचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतले आहे. गोन्सालो मेंडेस मूळचे मेक्सिकोचे, त्यांच्या पत्नी फेलिसितास पोर्तो रिकोच्या. दुसऱ्या महायुद्धात मुनेमित्सू या जपानी-अमेरिकी कुटुंबाला सरकारने ॲरिझोनातल्या छावणीत डांबले, तेव्हा वेस्टमिन्स्टर गावची त्यांची शेती मेंडेस कुटुंबाने खंडाने घेतली. मुलांना जवळच्या शाळेत घालायला त्यांची आत्या गेली, तर तिच्या स्वतःच्या गोऱ्या वर्णाच्या मुलींना प्रवेश मिळाला आणि सावळ्या मेंडेस भावंडांना ‘मेक्सिकन शाळे’चा रस्ता दाखवण्यात आला. मार्च १९४५ मध्ये गोन्सालो आणि आणखी चार वडिलांनी चार शाळा-जिल्ह्यांविरुद्ध, सुमारे ५,००० मुलांच्या वतीने, फेडरल कोर्टात दावा लावला. वकील डेव्हिड मार्कस यांनी आदल्या वर्षीच सॅन बर्नार्डिनोचा सार्वजनिक पोहण्याचा तलाव मेक्सिकनांना खुला करून घेतला होता. गोन्सालो गावोगाव फिरून साक्षीदार जमवत होते, तेव्हा शेती फेलिसितास सांभाळत होत्या आणि त्याच शेतीच्या उत्पन्नातून खटल्याचा खर्च निघत होता. एका अन्यायाने रिकाम्या झालेल्या शेताने दुसऱ्या अन्यायाविरुद्धच्या लढ्याला पैसा पुरवला, हा इतिहासातला योग मला फार अस्वस्थ करतो. मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून वेगळे बसवतो, असा शाळांचा बचाव होता. न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांना तो टिकाऊ वाटला नाही. भाषेच्या चाचण्या घाईघाईने, वरवर उरकल्या होत्या, काही ठिकाणी तर निव्वळ आडनाव पाहून मुलांची रवानगी झाली होती, आणि वेगळे बसवल्यानेच मुलांचे इंग्रजी मागे राहते, असे त्यांनी १८ फेब्रुवारी १९४६ च्या निकालात नोंदवले. मुलांची सरमिसळ ही सार्वजनिक शिक्षणाची गरज आहे, इथपर्यंत ते गेले.

या खटल्याला आम्ही अवास्तव महत्त्व देतो, असा आक्षेप कायद्याचे जाणकार घेतात आणि त्यात तथ्य आहे. १४ एप्रिल १९४७ रोजी वरिष्ठ न्यायालयाने निकाल कायम केला, पण आधार अरुंद ठेवला : मेक्सिकन मुलांना वेगळे करण्याची परवानगी राज्याच्या कायद्यातच नाही, म्हणून हे बेकायदा. ‘वेगळे पण समान’ या जुन्या तत्त्वाला त्याने हात लावला नाही. तरीही त्या अपिलात कोण उभे राहिले ते पाहावे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीने आपले वकील थर्गुड मार्शल आणि रॉबर्ट कार्टर यांच्या नावाने निवेदन दिले, आणि वेगळे ठेवणे हीच मुळात विषमता आहे हा पुढे शाळांतले वांशिक विभाजन सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेल्या ब्राउन खटल्यात गाजलेला युक्तिवाद तिथे मांडून पाहिला. ज्यूंची आणि जपानी-अमेरिकींची संघटनाही सोबत होती. निकालानंतर दोनच महिन्यांत गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी चिनी, जपानी आणि मूळ रहिवासी मुलांच्या वेगळ्या शाळांना मुभा देणारे कलम रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. जपान्यांना छावण्यांत धाडण्याचा आग्रह १९४२ मध्ये धरणाऱ्यांत हेच वॉरन होते, आणि १९५४ चा ब्राउन निकाल सरन्यायाधीश म्हणून लिहिणारेही तेच. मेंडेस खटल्यामुळेच ब्राउन निकाल आला, असा दावा मी करणार नाही. पण १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर कॅलिफोर्नियात गेलेल्या मराठी कुटुंबांच्या मुलांना वंश पाहून वेगळ्या शाळेत धाडण्याची मुभा राज्याच्या कायद्यात उरली नव्हती, त्यामागे ऑरेंज काउंटीतले हे पाच बाप आहेत.

ब्राउनच्या बरोबर दोन आठवडे आधी, ३ मे १९५४ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिलेला हर्नांडेझ विरुद्ध टेक्सस हा निकाल मला तात्त्विकदृष्ट्या अधिक मोलाचा वाटतो. पीट हर्नांडेझ हा कापूस वेचणारा मजूर खुनाचा आरोपी होता. जॅक्सन काउंटीत सुमारे १४ टक्के लोक मेक्सिकन किंवा लॅटिन आडनावांचे असूनही २५ वर्षांत त्यांतला एकही माणूस ज्युरीवर बसल्याची नोंद नव्हती. टेक्ससचे म्हणणे असे, की समान संरक्षणाची हमी देणारी संविधानाची चौदावी दुरुस्ती गोरे आणि काळे असे दोनच वर्ग ओळखते. मेक्सिकन गोऱ्यांतच मोडतात, मग गोऱ्यांच्या ज्युरीने भेदभाव कसा होईल? गुस गार्सिया आणि कार्लोस कादेना या मेक्सिकन-अमेरिकी वकिलांनी याला गावातल्या वस्तुस्थितीने उत्तर दिले. मेक्सिकनांना वाढणार नाही अशी हॉटेलावरची पाटी, लहान मुलांची निराळी शाळा, आणि खुद्द कोर्टाच्या आवारातले ते स्वच्छतागृह, ज्यावर काळ्यांसाठी इंग्रजीत आणि मेक्सिकनांसाठी स्पॅनिशमध्ये लिहिलेले होते. वॉरन यांनी लिहिले त्याचा आशय असा, की समाजातले पूर्वग्रह कायम एकाच रेषेवर राहत नाहीत. एखाद्या गटाला व्यवहारात वेगळे वागवले जाते हे सिद्ध झाले तर दुरुस्तीचे संरक्षण त्यालाही आहे. हर्नांडेझ फेरखटल्यात पुन्हा दोषी ठरला. पण तत्त्व सगळ्यांना मिळाले.

सर्वांत बोचरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. आम्हीही कायद्याने गोरेच आहोत, हा पवित्रा घेऊन ही मंडळी कृष्णवर्णीयांपासून अंतर राखत होती, असे टीकाकार म्हणतात. मेंडेस खटल्यात मार्कस यांनी वंशाचा मुद्दा बाजूलाच ठेवला होता. त्या काळच्या कायद्यात जिंकण्याची वाट तिथूनच जात होती, हे खरे. पण त्या वाटेची किंमत पुढच्या पिढीने मोजली. १९७० मध्ये ह्यूस्टनच्या शाळांनी कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मुले एकत्र बसवली, गोऱ्यांच्या शाळा तशाच राखल्या आणि त्याला एकात्मीकरण म्हटले, कारण मेक्सिकन ‘गोरे’च होते ना! पालकांनी बहिष्कार घालून स्वतःच्या पर्यायी शाळा चालवल्या. त्याच वर्षी कॉर्पस क्रिस्तीच्या खटल्यात आणि १९७३ मध्ये डेन्व्हरच्या खटल्यात न्यायालयांनी मेक्सिकन-अमेरिकींना भेदभाव सोसणारा वेगळा गट म्हणून मान्यता दिली. आपल्याच जुन्या युक्तिवादातली खोट कोर्टात जाऊन दुरुस्त करणारा समाज मला निर्दोष समाजापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

निकाल आले तरी गरीब लॅटिनो वस्त्यांतल्या शाळा आजही वेगळ्याच आहेत, मग उपयोग काय, असेही विचारले जाते. उपयोग कुठे होतो ते टेक्ससच्या टायलर गावात दिसले. १९७५ च्या राज्य कायद्यानंतर तिथल्या शाळांनी कागदपत्रे नसलेल्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागायला सुरुवात केली. काही पालकांनी दावा लावला. कोर्टातूनच आपल्याला देशाबाहेर काढतील या धास्तीने ते सगळे सामान गाडीत भरून पहाटे सुनावणीला गेले होते. १५ जून १९८२ रोजी प्लायलर विरुद्ध डो या निकालात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी आईवडिलांच्या कृतीची शिक्षा मुलांना देता येणार नाही असे म्हटले, आणि त्या मुलांसाठीही शाळा मोफत खुल्या राहिल्या. तेव्हापासूनच्या चार दशकांत किती मुले या एका निकालामुळे लिहायला-वाचायला शिकली असतील, हे कोणत्याही वारसा महिन्याच्या फलकावर लावता येणार नाही. पण निकाल पाच विरुद्ध चार मतांचा होता, आणि २०२२ मध्ये टेक्ससचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्याला पुन्हा आव्हान देण्याची भाषा केली. तसे आव्हान आलेच, तर ते पेलण्यासाठी पुन्हा कुणा कागदपत्रे नसलेल्या पालकांनाच पुढे यावे लागेल, आणि त्यांच्या बाजूने निवेदन घेऊन उभे राहायचे की नाही हे त्या देशातल्या इतर स्थलांतरितांना, आपल्या माणसांनाही, ठरवावे लागेल.