नावडतीची गोष्ट पुन्हा सांगायलाच हवी

खराडीतल्या सोसायट्यांमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुली एकमेकींना ज्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचायला देतात, त्यांतली सिंड्रेला मेकॅनिक असते. तिचा एक पाय धातूचा असतो आणि राजवाड्यातल्या नृत्याच्या रात्री बूट नव्हे, तो पायच निसटून मागे राहतो. लाल टोपीवाली मुलगी मालवाहू यान चालवते. रपुन्झेलला मनोऱ्याऐवजी उपग्रहात कोंडलेलं असतं. मरिसा मेयर या अमेरिकन लेखिकेच्या या मालिकेतलं पहिलं पुस्तक, ‘सिंडर’, २०१२ मध्ये आलं. तशी पुस्तकं आता ढिगाने येतात.

मराठी पालक, आणि त्यांच्याहून अधिक मराठी साहित्यात वावरणारी मंडळी, या पुस्तकांवर नाराज आहेत. मूळ गोष्टीची मोडतोड झाली, आपलं सोडून परक्याचं उसनं घेतलं, कोवळ्या वयात नको ते हाती पडलं, असं मी सतत ऐकते. बोलणाऱ्यांची मुलांविषयीची काळजी खरी आहे. त्यांचा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही.

मूळ गोष्ट म्हणजे नेमकी कोणती? काचेचा बूट आणि भोपळ्याची गाडी शार्ल पेरोने १६९७ मध्ये फ्रेंचमध्ये छापलेल्या कथेतली. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत परी नाहीच. तिथे आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड मुलीला कपडे देतं, बूट सोन्याचा आहे आणि तो बसावा म्हणून बहिणी आपल्याच पायाचे तुकडे छाटतात. त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात, चीनमध्ये ये शिएन नावाच्या मुलीची गोष्ट लिहिली गेली. ती माशाच्या हाडांपाशी मागणं मागते आणि तिचाही सोन्याचा जोडा हरवतो. मेयरबाईंनी आपली सिंडर ‘न्यू बीजिंग’ शहरात नेली, ती या अर्थाने गोष्टीच्या जुन्या घरीच नेली. हिमगौरीचंही तेच. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत तिच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच तिला सावत्र केलं. ज्याला आपण पवित्र मूळ म्हणून जपतो, तो असा कुणीतरी आपल्या काळाला मानवेल असा केलेला बदल असतो.

आपल्या घरातला पुरावा तर याहून बळकट आहे. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींनी सांगितलेली शेणाच्या आणि मेणाच्या घरांची गोष्ट आहे, आणि त्यातलं मेणाचं घर चिमणीचं नाही, साळईचं आहे. मधल्या सातशे वर्षांत साळई गेली, चिमणी आली, तिला बाळ झालं, त्याचं न्हाणं आणि तीट लावणं आलं. हे करणाऱ्या आज्यांवर मोडतोडीचा आरोप कुणी केला नाही. मोठ्यांच्या साहित्यात तर आपण याला प्रतिभा म्हणतो. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. ‘युगान्त’ आणि ‘मृत्युंजय’ दोन्ही १९६७ ची. महाभारत नव्याने पाहण्याचा जो अधिकार इरावती कर्वे आणि शिवाजी सावंत यांना आपण आनंदाने दिला, तो परीकथेच्या बाबतीत किशोरांसाठी लिहिणाऱ्या लेखिकेला का नाकारायचा, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

परकेपणाचा आक्षेप भावनेला पटतो, म्हणून त्याकडे जरा थांबून पाहायला हवं. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतल्या, त्यालाही आता दीडशे वर्षं उलटून गेली. अल्लाउद्दीन आपल्याला परका वाटत नाही. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण तर घरचीच झाली. शिवाय सिंड्रेलाची सख्खी बहीण आपल्याकडे आहेच. श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी आठवून पाहा. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं जेवण, जाडंभरडं नेसण आणि राहायला गुरांचा गोठा. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात, व्रताची वाट दाखवतात. पुढे घरातली सगळी तिच्यामागोमाग देवाला निघतात, तिची लाज राखायला साधंसं देऊळ सोन्याचं होतं, आणि राजा आपलं पागोटं तिथल्या खुंटीला विसरून येतो. परत जाऊन पाहतो, तर लहानसं देऊळ आणि खुंटीवर पागोटं. तिकडे बुटावरून ओळख पटते, इकडे पागोट्यावरून साक्ष पटते. शेजारच्या कन्नड मुलखातही हंची नावाची मुलगी आहे, ए. के. रामानुजन यांनी तिच्या गोष्टीला कन्नड सिंड्रेला म्हणूनच अभ्यासकांपुढे ठेवलं.

आता पंधरा वर्षांच्या मुलीच्या नजरेने ही कहाणी वाचा. एकीच्याच ताटात उष्टं का? नवऱ्याने तोंड का उघडलं नाही? त्या तिघी आवडत्या जावा रात्री काय बोलत असतील? राजाची मर्जी फिरली म्हणून गोठ्यातले दिवस पुसले जातात का? कहाणी व्रताचं फळ सांगायला बसलेली असते, ती या प्रश्नांपाशी थांबत नाही. तो तिचा दोष नव्हे. पण मुलीला प्रश्न पडतातच, आणि चांगलं पुनर्कथन नेमकं तिथे सुरू होतं. ही गरज नवी नाही आणि इंग्रजीतून आलेली तर मुळीच नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं प्रचंड भांडार जमा केलं. त्यातली सीता पाहा. दळणाऱ्या बायांनी तिचा वनवास, तिचा सासुरवास आपल्या अनुभवाच्या बाजूने सांगितला आहे. त्या काही पोथीला विरोध करायला बसल्या नव्हत्या. पोथीत आपल्यासाठी कमी पडलेली जागा त्या भरत होत्या.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी मान्य करते. सारा जे. मास यांची ‘सौंदर्यवती आणि पशू’च्या कथेवरून सुरू झालेली कादंबरीमाला २०१५ मध्ये किशोरांसाठी म्हणून आली. तिच्यातला शृंगार तेरा वर्षांच्या मुलीसाठी नाही. प्रकाशकांनीही २०२० मध्ये तिला नवी मुखपृष्ठं देऊन प्रौढांच्या पुस्तकांत नेलं. आईवडिलांनी हे जाणून घ्यावं, पुस्तक स्वतः चाळावं, नको वाटलं तर कारण सांगून नको म्हणावं. पण एका पुस्तकापायी सगळा प्रकार वाळीत टाकणं अन्यायाचं आहे. आणखी एक दोष मला जास्त खुपतो. नायिकेच्या हाती तलवार दिली, दोन देखणे तरुण तिच्यामागे लावले की झालं, अशा साच्यातून निघालेली पुस्तकं पुष्कळ आहेत. जुन्या गोष्टीतलं दुःख न समजता तिचा नुसता पोशाख बदलणारं हे लेखन टिकणार नाही. त्याला नावं ठेवायची तर या कारणाने ठेवा, बदल केला म्हणून नव्हे.

आणि मुलं मराठी वाचत नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी, त्यांच्यासाठी मराठीत काय ठेवलं आहे, हेही पाहावं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निष्ठेने चालू आहे, ‘साधना’चे बालकुमार आणि युवा अंक निघतात. तरीही सलग, अद्भुतात रमणारी, सोळाव्या वर्षाला शोभेल अशी कादंबरी मागितली तर ‘फास्टर फेणे’नंतर एकदम ‘ययाति’च हाती ठेवावी लागते. मधली सगळी वर्षं आपण इंग्रजीच्या हवाली केली आहेत. खराडीत गावठाण आणि आयटी पार्कचे मनोरे एकमेकांपासून फार लांब नाहीत. एकीकडे श्रावणात कहाणी वाचली जाते, दुसरीकडे ‘सिंडर’. दोन्ही ऐकणारी, वाचणारी मुलगी एकच असू शकते, पण या दोन्हींना जोडणारं पुस्तक तिला अजून कुणी दिलेलं नाही.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि प्रकाशकांना माझी विनंती आहे. किशोरांसाठी पुनर्कथनं मागवा आणि ती लिहिणाऱ्यांना कादंबरीचा पैस द्या, चार पानांचा कोपरा नको. सुरुवात नावडतीपासून करा. गोठा, नागकन्या, सोन्याचं देऊळ, खुंटीवरचं पागोटं, सगळं तयार आहे. लिहिणारीला फक्त सांगा की ही गोष्ट या वेळी नावडतीने स्वतः सांगायची आहे.