नसलेल्या संचाचा परवाना

'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण विलायतेतही लागू पडावी, ही गंमतच! ब्रिटनमध्ये बीबीसीच्या खर्चासाठी दूरचित्रवाणीचा परवाना घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ पासून त्याची वार्षिक फी १७४.५० पौंड झाली. परवाना नसलेल्या पत्त्यावर पत्रे जातात आणि १००० पौंडांपर्यंतच्या दंडाची आठवण देतात. करकंबचा एखादा मुलगा लंडनात राहिला, घरात संच नाही, थेट कार्यक्रम तो पाहत नाही, तरी फराळाच्या डब्याआधी हे पत्र दारात हजर!

आपणही हा जाच सोसला आहे. रेडिओपायी वर्षाला १५ रुपये पोस्टात भरावे लागत. १९८० नंतरच्या दशकात ती फी उठली. पण आपला तपासनीस परवाना मागे तो समोर दिसणाऱ्या रेडिओचा!

कुणी म्हणेल, 'नाही' असे कळवून मोकळे व्हावे, त्यात काय जाते? जातो तो न्यायाचा मूळ नियम: आरोप करील त्याने पुरावा द्यावा. उत्तर देण्याचे कायद्याने बंधन नाही, वॉरंटावाचून घरात शिरण्याचा तपासनिसाला हक्क नाही. मग ही दरडावणी कशासाठी? भिऊन कुणी नाहक पैसे भरले, तर त्याला वसुली कशी म्हणावी?

जो पाहतो त्याने जरूर भरावे. फुकट्यांची वकिली आम्ही करीत नाही. पण ज्याला शेतच नाही, त्याच्याकडे शेतसारा मागणारा तलाठी करकंबकरांनी खपवून घेतला असता काय?