राउटरच्या पोटावरचं लेबल



हळदीचं पाकीट घेतानाही आपण आधी तारीख बघतो. मग दिवसरात्र चालू असणाऱ्या वायफायच्या राउटरवर एवढी साधी माहिती का नसावी? पोरांचे क्लास, सासूबाईंचं ऑनलाइन प्रवचन, बँकेचे व्यवहार, सगळं त्याच डबीतून जातं. तरी "मॉडेल जुनं झालं, नवीन घ्या" एवढंच दुकानदार सांगतो आणि आपण गप्प बसतो. मला वाटतं, यात आपल्याला काही कळत नाही असं नाही. कंपन्यांनी नावांचा घोळ घालून ठेवलाय.

खोक्यावर नाव एकच, आत यंत्र वेगळं! डी-लिंकचा डीआयआर-६१५ किंवा टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन ही नावं वर्षानुवर्षं तीच राहिली, आतलं हार्डवेअर मात्र कितीतरी वेळा बदललं. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती २००५ मध्ये आली, तेव्हा मेमरी १६ एमबीवरून ८ एमबी झाली, आतली प्रणालीही बदलली. बाहेरचा डबा जवळपास तसाच!

राउटर ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते फर्मवेअर. ते आवृत्तीप्रमाणे वेगळं असतं. चुकीचं घातलं तर चांगला राउटर कायमचा बंद पडू शकतो. कधीच अपडेट केलं नाही, तर चोरांना वाट मोकळी. कंपनीचे अपडेट थांबलेल्या जुन्या राउटरांवर हल्ले होत आहेत, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने मे २०२५ मध्ये दिला होता.

गरज नसताना नवी वस्तू घरात आणू नये, हे आपल्याला अपरिग्रहाने शिकवलंच आहे. पण मोडकं कुलूप दाराला लावून ठेवणं ही काही काटकसर नव्हे. म्हणून आधी तपासा, मग ठरवा.

राउटर उलटा करा. लेबलवर मॉडेलच्या नावाजवळ 'व्हर्जन' किंवा 'एच/डब्ल्यू' लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. फर्मवेअर कंपनीच्याच साइटवरून, नाव, आवृत्ती आणि देश जुळवून घ्या. शक्यतो केबल जोडून अपडेट करा. मध्येच लाइट गेली तर राउटर बिघडू शकतो, म्हणून कोथरूडकरांनी गुरुवार टाळलेला बरा! राउटर इंटरनेटवाल्यांनी दिलेला असेल, तर अपडेट कोण करतं, हे त्यांनाच विचारा. कंपनीने अपडेट थांबवले असतील, तरच बदला, आणि जुना कचऱ्याच्या बादलीत न टाकता ई-कचऱ्यात द्या. 'स्वच्छ'च्या ताईंना विचारलंत तर त्या मार्ग सांगतील.

पण सगळी धावपळ आपणच का करायची? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांना सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे कंपनीला सांगावंच लागतं. आपल्याकडेही खोक्यावर ठळक अक्षरांत दोन गोष्टी हव्यात : आवृत्ती आणि अपडेटची शेवटची तारीख. पुढच्या वेळी राउटर घ्याल तेव्हा किंमत विचारण्याआधी या दोन गोष्टी विचारा. दहाजणींनी विचारलं, की दुकानदार कंपनीला विचारायला लागेल.